स्थापत्य-यंत्रशास्त्राची शंभर वर्षांपूर्वीची पुस्तकं स्कॅन करायची आहेत. बांधणी उसवावी का?

नका उसवू. त्या काळचा बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. कोपरा दुमडला की पापडासारखा तुटून हातात येतो. फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, पुस्तक उलटं दाबलंत तर कणा गेलाच म्हणून समजा. व्ही आकाराचा पाळणा, वर कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे, एवढ्यात भागतं.

मजकुराला ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) चालतं, बारीक रेघांच्या आकृत्यांना ६०० घ्या. खरी गोची घडीच्या नकाशांची. घाईत लोक घडी न उघडताच पुढे जातात आणि पुस्तकाचा जीवच राहून जातो! सावकाश उलगडा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. नाहीतर प्रमाण कळत नाही.

मूळ फाइल टिफ या चित्र-स्वरूपात, वाचकांसाठी पीडीएफ. टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर मराठी वाचतं, पण कोष्टकातले आकडे माणसानेच तपासावेत. १ चा ९ झाला तर तुळईचं गणितच बदलतं.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत स्वतःकडे असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. नेटवर सगळ्यांसाठी टाकायची असेल, तर आधी लेखकाच्या निधनाला ६० वर्षं उलटलीत का ते बघा.