नेच्यावरचा किडा ओळखताना

अरे, नेच्यावर सापडला म्हणजे नवीनच स्पीशीज असं लगेच धरू नकोस, नेच्यावरच राहणाऱ्या मोनालोकोरिस फिलिसिस या किड्याला लिनियसने 1758 मध्येच नाव दिलंय, आणि तो जेमतेम 2-3 मिमीचा. आधी मिरिडी (वनस्पतींवरच्या ढेकणांचं एक कुळ) आहे का बघ, म्हणजे डोक्यावर साधे डोळे (ओसेलाय) सहसा नसतात आणि पुढच्या पंखावर क्युनियस, तो त्रिकोणी तुकडा, दिसतो. रंगावर तर अजिबात जाऊ नकोस, ताजं प्रौढ झालेलं किडं फिकट असतं, मी त्यातच फसलेलो! नराचं जननेंद्रिय 10% पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये मऊ करून बघ, खरा फरक बहुतेक तिथेच कळतो. नवीन निघालाच तर वर्णनात शिंगांच्या (अँटेनांच्या) प्रत्येक खंडाचं माप दे, आणि नेचा कुठला तेही लेबलवर लिही, प्लीज.