गिअरची दांडी खुळखुळते

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती ८०० ची गिअरची दांडी न्यूट्रलमध्ये फार हलते, रिव्हर्स चटकन पडत नाही. गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

उत्तर : आधी तपासा. इंजिन बंद ठेवून एकाने दांडी हलवावी, दुसऱ्याने खाली गिअरबॉक्सकडे जाणारा रॉड पाहावा. दांडी हलूनही रॉड जागेवरच राहत असेल, तर बुश, म्हणजे सांध्यातल्या रबराच्या किंवा नायलॉनच्या कड्या, झिजलेत. गिअरबॉक्सला हात लावू नका. रॉड पूर्ण सरकूनही गिअर करकरत असेल, तर क्लच तपासा.

सायलेन्सरचा पाइप जवळच असतो, म्हणून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. चाकांना अडण्या लावा, गाडी जॅकने उचलून जॅक-स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारा.

खरी चूक पुढे, बुश बदलताना होते. बुशमधली लोखंडी नळी जुन्या बुशबरोबर फेकली जाते. ती नसली की नट आवळताच बुश चेपतो आणि दांडी जड होते. बोल्टवर खाच पडली असेल तर तोही बदला, नाहीतर नवा बुश लवकर झिजेल. सगळे बुश एकदमच घाला. नायलॉनचा बुश गरम पाण्यात ठेवला की सहज बसतो. रबराला साधे ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते. सिलिकॉन ग्रीस वापरा. लॉकनट (सैल न होणारा नट) नवाच हवा.

एवढे करूनही रेस देताना गिअर निसटत असेल, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते रबरी आधार, पाहा.