हवावाला की मेव्हणे?

प्रश्न: माझी छोटी हॅचबॅक पूर्वी लिटरला १८ द्यायची, आता १५ च्या वर जात नाही. परवा हवा बघितली तर चारही चाकांत २५ पौंड निघाली. दाराजवळच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. हवावाला म्हणतो, ४० मारा, ॲव्हरेज वाढेल. मेव्हणे म्हणतात, उन्हाळ्यात हवा कमीच बरी, टायर फुटत नाही. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दोघांचंही नको, स्टिकरचं ऐका.

आधी मेव्हण्यांचं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते, सुटते, आणि त्यातूनच टायर तापतो. म्हणजे उन्हाळ्यात फुटायची भीती कमी हवेलाच जास्त. गाडी पळवल्यावर हवा तीन-चार पौंडांनी वाढलेली दिसते. ती काढू नका. मोजायची सकाळी, गाडी गार असताना.

चाळीसने ॲव्हरेज किंचित वाढेलही. पण टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, मधूनच झिजतो. शिवाय आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा कमरेत कळतो.

आता तुमचे तीन किलोमीटर. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबाने चारही चाकांत एकेक पौंड कमी असेल, तर ॲव्हरेज ०.२ टक्क्यांच्या आसपास घटतं. तुमचे आठ पौंड म्हणजे दीड टक्का, लिटरमागे जेमतेम ३०० मीटर. बाकीचा चोर दुसरा आहे. पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या (रिमला लावू नका, मी भाजून घेतलंय). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं, तर तिथला ब्रेक धरतोय.

मग हवेचा एवढा आग्रह का? एकदा पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या वळणांवर माझ्या गाडीचा मागचा भाग डुलायला लागला. स्टेअरिंग वळवलं की पुढची चाकं लगेच ऐकायची, मागची क्षणभर उशिरा. घरचे म्हणाले, वारा असेल. घाट उतरून धाब्यावर गेज लावला, तर मागच्या डाव्या चाकात १८! व्हॉल्व्ह हळूहळू गळत होता. सरळ रस्त्यावर काहीच कळलं नव्हतं.

पाच माणसं आणि सामान घेऊन निघणार असाल, तर स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलाय का बघा. आणि गेज हातात आहे तोवर स्टेपनीही मोजा. माझ्यात त्या दिवशी १२ होती.