पाळी गेली आणि मनही उडाले?

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया एकच चिंता वेगवेगळ्या शब्दांत मांडतात: पाळी गेल्यापासून संसारातून मन उडाले आहे. घोडबंदर रोडवरून येणाऱ्या अशाच एक ताई वर्षभर हॉलमध्ये झोपत होत्या. यजमानांना त्या रुसल्या आहेत असे वाटे, तर ताईंनी स्वतःवर 'मी प्रेमशून्य झाले' असा शिक्का मारला होता.

"बेडरूममध्ये उकडते का?" मी विचारले.

"नाही हो, तिथे तर एसी आहे."

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ते जवळ आले की दुखते. आग होते. कुणाला सांगणार?"

"म्हणजे ते नकोसे वाटतात, की दुखणे नको आहे?"

"ते नकोसे नाहीत हो वाटत," त्या चटकन म्हणाल्या आणि आपलेच उत्तर ऐकून थबकल्या. शिक्का पुसला गेला तो त्या क्षणी. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. घटना आणि तिचा आपण लावलेला अर्थ वेगळे केले की माणूस मोकळा होतो, हा माझा अनुभव पुन्हा पक्का झाला.

मात्र केवळ विचार बदलून दुखणे थांबणार नव्हते. रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांतून येणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन फार घटते, त्यामुळे योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते आणि लघवीचा जंतुसंसर्गही वारंवार होऊ शकतो. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतात. हा कोरडेपणा सहसा आपोआप जात नाही. मी ताईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. अशा कोरडेपणावर इस्ट्रोजेनचे क्रीम देता येते, पण "हार्मोनने कॅन्सर होतो ना?" हा नणंदेचा इशारा त्यांच्या मनात होता. ही भीती प्रामुख्याने 2002 मध्ये थांबवलेल्या एका अमेरिकन चाचणीतून पसरली. त्या चाचणीत सरासरी 63 वर्षे वयाच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन या दोन हार्मोनच्या एकत्रित गोळ्या दिल्या होत्या. याउलट, योनीत लावायच्या अल्प मात्रेच्या क्रीममधून रक्तात फारच थोडे हार्मोन जाते. तरीही स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही वापरू नये.

पुढच्या भेटीला यजमान सोबत आले. "मला वाटले, माझेच काही चुकले," ते म्हणाले. मग तासभर दोघेच बोलत राहिले आणि माझे काम फक्त ऐकण्याचे उरले.

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र समुपदेशनासाठी थांबू नये. आधी तपासणी करून घ्यावी.