‘वॉशिंग्टन’: आधी गाव की आधी माणूस?

एका वाचकाने विचारलंय: इंग्रजी आडनावांत आपल्या ‘-कर’सारखं काही असतं का? आणि ‘वॉशिंग्टन’ हे मुळात गावाचं नाव की माणसाचं?

असतं, आणि भरपूर असतं. आपला ‘कर’ गावाच्या नावामागे येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्यांच्याकडे तो शब्द गावाच्या आधी यायचा आणि पुढे बहुतेक ठिकाणी गळून गेला. जॉर्ज वॉशिंग्टनचा पूर्वज ‘विल्यम द हर्टबर्न’ म्हणून ओळखला जाई. यातला ‘द’ फ्रेंच, ‘चा’ या अर्थाचा. म्हणजे हर्टबर्नकर विल्यम. ११८३च्या सुमारास त्याने हर्टबर्नची जमीन सोडून उत्तर इंग्लंडच्या डरहॅम भागातलं वेसिंग्टन घेतलं आणि तो ‘द वेसिंग्टन’ झाला. गाव बदललं, आडनावही बदललं! पुढे ‘द’ गेला, उच्चार घासला गेला आणि ‘वॉशिंग्टन’ उरलं.

म्हणजे आडनावाच्या आधी गाव. पण गावाच्याही आधी एक माणूस आहेच, ह्वॅसा नावाचा. ‘इंग’ने त्याचा किंवा त्याच्या माणसांचा संबंध दाखवला जातो आणि ‘टन’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी. ह्वॅसाच्या माणसांची वाडी.

हा ‘टन’ एकदा ओळखीचा झाला की ‘न्यूटन’ आपोआप उलगडतं: नवी वाडी. अशी न्यूटन गावं इंग्लंडभर आहेत, त्यामुळे सगळे न्यूटन एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. आयझॅक न्यूटन जन्मला ते गाव मात्र वूल्सथॉर्प, आणि त्यातला ‘थॉर्प’ म्हणजेही वाडीच. फक्त तो शब्द त्या भागात डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या लोकांबरोबर आला.

काही आडनावांत गाव नसतं, गावातली एखादी खूण असते. माझा जीव खरा या नावांवर आहे. ‘ली’ म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जागा किंवा कुरण. तिथे राहणारा तो ‘ॲट ली’. ब्रिटनचे एके काळचे पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांच्या नावात हा ‘ॲट’ अजून शाबूत आहे. ‘नॅश’मध्ये तो दिसत नाही, पण आहे. ‘ॲश’ नावाच्या झाडापाशी राहणारा तो ‘ॲटन ॲश’. बोलताना ‘ॲटन’चा ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘ॲट नॅश’ झालं. मग ‘ॲट’ गळाला. झाडाचं नाव आजही ‘ॲश’च आहे, आडनावातला ‘न’ तेवढा त्या हरवलेल्या ‘कर’चा.