रोज ॲपवर शिकते, तरी इंग्रजी बोलता का येत नाही?

"मॅडम, 180 दिवस झाले, एकही दिवस चुकवला नाही. तरी सेमिनारमध्ये माझं तोंडच उघडलं नाही." पदव्युत्तर वर्गातली ती मुलगी मोबाइल माझ्यापुढे धरून सांगत होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सेमिनारचं भाषण तिने चॅटबॉटकडून लिहून घेऊन पाठ केलं होतं. एक शब्द आठवेना, की पुढचं सगळंच गेलं. खरा प्रश्न तिने जरा वेळाने विचारला: "माझ्यातच काही कमी आहे का?"

हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण कष्टाळू मुलंच असं विचारतात.

तिला ॲप उघडायला सांगितलं. 'शी'च्या पुढे 'गो' की 'गोज'? तिने झटकन 'गोज'वर बोट ठेवलं. मग रेकॉर्डर लावून मैत्रिणीच्या दिनक्रमाबद्दल मिनिटभर बोलायला लावलं. 20 सेकंदांत ती दोनदा 'शी गो' म्हणाली आणि अडली. रेकॉर्डिंग ऐकताना मात्र दोन्ही चुका तिनेच पकडल्या.

म्हणजे नियम येत होता. पण समोरच्या पर्यायांतून उत्तर ओळखणं वेगळं आणि मनातून वाक्य जुळवून बोलणं वेगळं. सराव फक्त पहिल्याचा झाला होता. त्यात भीतीची भर. परकी भाषा बोलताना वाटणारी ही धास्ती मोजायची प्रश्नावली भाषाशिक्षणाच्या संशोधक एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्येच मांडली होती, इतकी ती सर्वत्र आढळते.

ॲप काढून टाक, असं मी म्हटलं नाही. ठरावीक अंतराने उजळणी झाली की शब्द पक्के होतात, त्यासाठी ते चांगलंच आहे. पण त्याला 10 मिनिटं पुरे. उरलेल्या वेळात बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा छोटा कार्यक्रम ऐकायचा, आधी त्याचा लिखित मजकूर न बघता, मग बघून. नंतर मजकूर मिटवून तेच आपल्या शब्दांत रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. चॅटबॉटकडून भाषण लिहून घ्यायचं नाही. त्याने प्रश्न विचारायचे, तिने बोलून उत्तरं द्यायची.

पहिला आठवडा तिला स्वतःचा आवाज ऐकवेना. तेवढ्यापुरतं रेकॉर्डिंग अर्ध्या मिनिटावर आणलं.

दीड महिन्याने तिने सेमिनारमध्ये एक प्रश्न विचारला. चुकली, वाक्याच्या मध्येच चूक सुधारली आणि बोलत राहिली. सादरीकरण अजून कागद बघूनच करते. सध्या आम्ही त्यावर काम करतो आहोत.