कूलरची भिंत आणि पतअहवालातली थकबाकी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि त्यासोबतची कागदपत्रे मी दोनदा वाचली. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपण मनीषनगरमध्ये दरमहा १६,००० रुपये भाड्याचा फ्लॅट एका व्यवस्थापन कंपनीमार्फत घेतला. तीन महिन्यांची ४८,००० रुपयांची अनामत रोख न देता कंपनीने सुचवलेल्या 'अनामतीशिवाय घर' या योजनेतून एका वित्तसंस्थेकडून उभी केली. बारा हप्त्यांपैकी ४,००० रुपयांचे पाच हप्ते आपण वेळेवर भरले, महिनाभराची सूचना ईमेलने देऊन गेल्या जूनमध्ये घर सोडले आणि उरलेली रक्कम अनामतीतून वळती होईल असे समजून हप्ते थांबवले. कंपनीने अनामत परत केली नाही. वित्तसंस्था आता ४१,३०० रुपये मागते आहे, पतअहवालात खाते थकीत दिसते आहे आणि बेसा येथील फ्लॅटसाठीच्या ३५ लाखांच्या गृहकर्जाचा अर्ज त्यामुळे अडला आहे. वसुली विभागाने २४,००० रुपयांत 'सेटलमेंट' करण्याचा प्रस्ताव दिला आहे. तो स्वीकारावा, पूर्ण रक्कम भरावी की एक पैसाही न देता भांडावे, असा आपला प्रश्न आहे.

आपल्या पत्रात 'घरमालकाने माझे नाव सिबिलमध्ये टाकले' असे एक वाक्य आहे. पुढचा सगळा गोंधळ त्या वाक्यातून सुरू होतो, म्हणून आधी तेवढे बाजूला करू. आपल्याकडे घरमालकाला किंवा घरे सांभाळणाऱ्या कंपनीला सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे कोणाचेही नाव पाठवता येत नाही. पतमाहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्याखाली ही माहिती बँका, वित्तसंस्था आणि तत्सम पतसंस्थाच पाठवतात. म्हणजे अहवालात जे दिसते आहे ते भाडे नाही, भिंतीचे नुकसान नाही आणि अनामतही नाही. ते आपल्या सहीने घेतलेले ४८,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज आहे, जे संस्थेने आपल्या वतीने व्यवस्थापन कंपनीच्या खात्यात जमा केले. त्यामुळे आपली भांडणे दोन आहेत. एक कंपनीशी, अनामतीवरून. दुसरे वित्तसंस्थेशी, कर्जखात्याच्या हिशेबावरून. आपण आजवर पाठवलेल्या सातही ईमेलांत ही दोन्ही भांडणे एकाच दमात मांडलेली आहेत आणि म्हणूनच प्रत्येकाने आपल्याला दुसऱ्याकडे बोट दाखवले आहे.

कंपनीशी असलेल्या भांडणात आपली बाजू मला भक्कम वाटते. त्यांनी पाठवलेल्या कपातीच्या यादीत सूचनेचा कालावधी न पाळल्याबद्दल १६,०००, रंगकामाचे १८,५००, कूलरच्या पाण्याने फुगलेल्या भिंतीचे ९,००० आणि सफाईचे ४,५०० रुपये आहेत. बेरीज बरोबर ४८,००० येते. कपात अनामतीशी रुपयारुपयाने जुळते, तेव्हा बेरीज आधी लिहून मग वरच्या ओळी भरल्या गेल्या असाव्यात अशी शंका घ्यायला जागा असते. सूचना दिल्याचा ईमेल तर आपल्याकडे आहेच. नागपुरात मार्च ते जून खिडकीत कूलर लावल्याशिवाय राहता येत नाही आणि खिडकीखालच्या भिंतीला ओल येणे ही इथल्या प्रत्येक भाड्याच्या घराची गोष्ट आहे. घर ताब्यात घेतानाच्या आपल्या छायाचित्रांत ती ओल आधीपासूनच दिसते, ही आपल्या जमेची मोठी बाजू. गिझरचा नळ आपल्या हातून तुटला हे आपण स्वतःच मान्य केले आहे. त्याची वाजवी किंमत देण्याची तयारी लेखी कळवून ठेवा, त्याने आपला दावा कमकुवत होत नाही.

शिवाय आपला अकरा महिन्यांचा करार केवळ नोटरी केलेला आहे, नोंदवलेला नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घर देणाऱ्यावर असते. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कंपनी ज्या 'लॉक-इन'च्या, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याच्या, अटीचा आता उल्लेख करते आहे आणि जी आपल्या हातातल्या प्रतीत कुठेही नाही, त्या अटीपुरता हा मुद्दा आपल्या वकिलांनी नोटिशीत अवश्य घ्यावा.

वित्तसंस्थेशी असलेल्या भांडणात मात्र आपली बाजू आपल्याला वाटते तितकी निर्विवाद नाही, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्जकरारातील एका वाक्यानुसार घर सोडल्यावर अनामत कंपनीकडून थेट संस्थेकडे परत येईल. त्याच परिच्छेदातले पुढचे वाक्य परतफेडीची जबाबदारी सर्व परिस्थितीत कर्जदाराची राहील असे सांगते. आपण पहिल्या वाक्यावर विसंबलात आणि संस्था दुसऱ्यावर बोट ठेवते आहे. हप्ते थांबले ही वस्तुस्थिती आहे, आणि पतमाहिती कंपनी कोण खरे कोण खोटे याचा निवाडा करत नाही. आपली हरकत ती संस्थेकडे पाठवते, संस्था नोंद बरोबर असल्याचे म्हणाली तर नोंद तशीच राहते. त्यामुळे 'माझ्यावर अन्याय झाला' अशी हरकत नोंदवली तर तीस दिवसांनी 'माहिती तपासली, बरोबर आहे' असे एका ओळीचे उत्तर येण्याची शक्यता फार आहे.

हरकत घ्यायची ती आकड्यावर. मुद्दल २८,००० रुपये शिल्लक आहे, मागणी ४१,३०० ची आहे. मधले १३,३०० रुपये कशाचे? आपल्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये, म्हणजे कर्जाच्या अटी आणि शुल्क एकत्र सांगणाऱ्या पत्रकात, हप्ता चुकल्यास प्रत्येक वेळी २५० रुपये एवढेच शुल्क लिहिलेले आहे. डिजिटल कर्जांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्या पत्रकात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंड हा व्याजदरात मिसळण्यास आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावण्यासही मनाई केली आहे. आपल्या खातेउताऱ्यात 'वसुली खर्च' आणि 'उशिराचे व्याज' अशा दोन नोंदी दर महिन्याला वाढत गेलेल्या दिसतात. नियमाच्या कसोटीवर या दोन नोंदी टिकणे कठीण आहे, आणि अहवालातील 'थकीत रक्कम' हा रकाना त्यांच्यामुळेच चुकीचा ठरतो. ही चूक कागदावर दाखवता येते, आणि कागदावर दाखवता येणारी चूकच दुरुस्त होते.

मुदतींचे गणित आपल्या बाजूने आहे. एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या व्यवस्थेत तक्रार नोंदवल्यापासून तीस दिवसांत तिचे निराकरण झाले नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देय होते. संस्थेने दुरुस्त माहिती एकवीस दिवसांत पाठवली नाही तर ही भरपाई तिने द्यायची; तिने वेळेत पाठवूनही काम रखडले तर पतमाहिती कंपनीने. दुरुस्ती नाकारल्यास कारण कळवणेही बंधनकारक आहे. शंभर रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, पण त्या मुदतीचा उल्लेख असलेले पत्र संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याच्या टेबलावर थोडे वर सरकते असा माझा अनुभव आहे. हरकत नोंदवायला पैसे लागत नाहीत. ती ट्रान्सयुनियन सिबिलकडे तर नोंदवाच, परंतु इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क यांचे अहवालही काढा. वर्षातून एकदा प्रत्येकाकडून पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि संस्था चौघांनाही माहिती देत असल्याने एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे पोहोचली की नाही हे तपासावेच लागते.

आता आपल्या तीन पर्यायांकडे येऊ. २४,००० रुपयांची सेटलमेंट आपण स्वीकारू नये असेच मी सुचवेन, आणि तेही ती महाग आहे म्हणून. तसे केल्यास खात्यावर 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा पडतो, म्हणजे कर्जदाराने पूर्ण फेड केली नाही आणि संस्थेने उरलेले सोडून दिले. पतमाहिती कंपन्या अशा नोंदी किमान सात वर्षे जपतात. मुद्दलापेक्षा ४,००० रुपये कमी भरून आपण पुढच्या सात वर्षांच्या प्रत्येक कर्जअर्जावर हा शेरा वागवणार. आपल्या गृहकर्जावर ८.५ ऐवजी ९.२५ टक्के दर लागला असे समजू. ३५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता ३०,३७४ वरून सुमारे ३२,०५६ रुपयांवर जातो, म्हणजे दरमहा जवळपास १,६८२ रुपये जास्त. दोन वर्षांत हा फरक चाळीस हजारांवर पोहोचतो, जी जवळपास आजच्या संपूर्ण मागणीइतकीच रक्कम आहे.

एक पैसाही न देता भांडण्याचा पर्याय आपल्याला मनापासून हवा आहे हे पत्रातून जाणवते. 'हा तत्त्वाचा प्रश्न आहे' असे आपण तीन वेळा लिहिले आहे. तत्त्व मला मान्य आहे. परंतु बिल्डरशी विक्री करारनामा करायला आपल्याकडे अडीच महिने आहेत, दोन लाख रुपये आधीच अडकलेले आहेत, आणि तत्त्वाचे भांडण ज्याच्याशी आहे ती व्यवस्थापन कंपनी या सगळ्यात निवांत बसलेली आहे. वित्तसंस्थेला न दिलेल्या पैशांची झळ तिला लागत नाही, आपल्यालाच लागते.

म्हणून माझा सल्ला असा. या आठवड्यातच संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि चारही पतमाहिती कंपन्यांना केवळ आकड्याची हरकत पाठवा. त्यात भिंत, कूलर, रंगकाम यांचा शब्दही नको. त्याच पत्रात शुल्काचा तारीखवार तपशील मागा आणि मुद्दलाचे २८,००० तसेच पत्रकानुसार खरोखर देय असलेले शुल्क, आपले सर्व हक्क राखून, एकरकमी भरण्याची तयारी दाखवा. मात्र त्याआधी खाते 'बंद' आणि थकबाकी शून्य अशी नोंद पाठवली जाईल, 'सेटल्ड' नव्हे, असे संस्थेकडून लेखी घ्या. फोनवरच्या माणसाचे 'मॅडम, हो जाएगा' हे लेखी नव्हे. पैसे थेट कर्जखात्यात भरा, वसुली प्रतिनिधीने पाठवलेल्या यूपीआय क्रमांकावर कदापि नाही. हे करूनही उशिराच्या महिन्यांचा इतिहास अहवालात राहील, त्याबद्दल खोटी आशा मी देणार नाही; पण शून्य थकबाकीचे बंद खाते आणि त्यामागचा लेखी खुलासा घेऊन शाखा व्यवस्थापकासमोर बसणे आणि चालू थकबाकी घेऊन बसणे यांत पुष्कळ अंतर आहे.

संस्था १३,३०० रुपयांतून काहीच सोडायला तयार झाली नाही तर? पत्र पाठवल्यापासून पाच आठवडे वाट पाहा. तोवर काही हलले नाही तर हक्क राखून पूर्ण ४१,३०० भरा, कारण जास्त दराच्या हप्त्याने हे वादातले १३,३०० रुपये आठ महिन्यांतच जातील, आणि जादा आकारलेल्या शुल्काच्या परताव्यासाठी बँका आणि वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे जा. संस्थेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले की तो मार्ग खुला होतो. आपण विचारले आहे म्हणून सांगतो, संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेपा घालण्याची गरज नाही. तक्रार बँकेच्या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन नोंदवता येते, १४४४८ हा क्रमांक मार्गदर्शनासाठी आहे.

व्यवस्थापन कंपनीविरुद्धचा दावा त्यानंतरही शिल्लक राहतो, आणि तो पूर्ण ४८,००० चा आहे, गिझरचा नळ वजा जाता. ही कंपनी आपल्याकडून दरमहा सेवाशुल्क घेत होती, त्यामुळे निव्वळ घरमालक-भाडेकरू वादापेक्षा जिल्हा ग्राहक आयोगात आपले म्हणणे अधिक सहज टिकेल. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. एक काळजी घ्या: या तक्रारीत वित्तसंस्थेला प्रतिवादी करू नका. तोच वाद दुसऱ्या मंचासमोर प्रलंबित असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही.

आपल्या यजमानांनी एकट्याच्या नावावर कर्ज घ्यावे हा त्यांचा विचार मी तपासून पाहिला. त्यांच्या हाती येणाऱ्या ५८,००० पगारावर ३० लाखांचा २६,०३५ रुपयांचा हप्ता बसतो, परंतु उरलेले पाच लाख आपल्या सहा लाखांच्या मुदतठेवीतून काढावे लागतील. घर घेतल्यानंतर हातात एक लाख रुपये उरणे मला पटत नाही. बिल्डर अगदीच अडून बसला तरच तो मार्ग धरा. त्याच्याकडून महिनाभराची मुदतवाढ आजच लेखी मागून ठेवा, आणि तोवर दुसऱ्या कोणत्याही बँकेत अर्ज करू नका, कारण प्रत्येक अर्जागणिक चौकशीची एक नोंद अहवालात वाढते. संस्थेला पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार झाला की मला दाखवा. 'की फॅक्ट स्टेटमेंट'चे दुसरे पान आपण पाठवलेल्या प्रतीत अर्धेच आले आहे, ते पुन्हा स्कॅन करून सोबत जोडा.